बदलण्याआधी रंगलेलं पाहा

१ नोव्हेंबर २०१४ रोजी, राज्योत्सवाच्या दिवशी, कर्नाटकातल्या १२ शहरांची नावं अधिकृतपणे बदलली. बंगलोरचं बंगळुरू झालं, बेळगावचं बेळगावी, विजापूरचं विजयपुरा. मी बंगळुरूत मराठी मजकूर संपादित करते. जुने लेख आणि पत्त्यांच्या याद्या नव्या नावांनिशी करून द्यायचं काम तेव्हापासून सुरूच आहे. त्यातून शिकले ते हे.

१. हायलाइट सुरू केल्याशिवाय 'बदला'ला हात लावू नका. व्हिम या एडिटरमध्ये 'एचएलसर्च' सगळ्या जुळण्या रंगवतं, 'इन्कसर्च' टाइप करता करताच दाखवतं. त्याचंच नवं रूप असलेला निओव्हिम तर नवा शब्द बदलण्याआधीच जागेवर मांडून दाखवतो. ही सोय मला फार मोलाची वाटते.

२. जे रंगलं नाही तेही वाचा. मराठीत खरी अडचण इथेच आहे. 'विजापूर' शोधलं की 'विजापूरला', 'विजापूरचा' सापडतात; पण 'विजापुरात', 'विजापुराहून' यांतला ऊकार ऱ्हस्व झालेला असतो, ते कोरेच राहतात. म्हणून दीर्घ आणि ऱ्हस्व अशी दोन्ही रूपं शोधायची. काही एडिटर मात्रेसकट अक्षर एकसंध धरतात, तेव्हा एडिटर बदलला की रंग कुठवर जातो तेही पाहून घ्यायचं.

३. प्रत्येक रंगलेला शब्द बदलायचा नसतो. अफझलखान १६५९ साली विजापुराहून निघाला. त्याला विजयपुराहून निघालेला दाखवणं इतिहासाला धरून नाही. 'ग्रंथमाला' चालवणारे प्रा. विष्णू गोविंद विजापूरकर हे विजापूरकरच राहायला हवेत. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातही एक विजापूर आहे. म्हैसूर शहराचंही नाव बदललं, पण म्हैसूर पाकाचं बदलायचं नाही हे तर सांगायलाच नको. अशा मजकुरात व्हिमच्या बदलण्याच्या आज्ञेच्या शेवटी 'सी' जोडावा. व्हिम प्रत्येक जुळणीवर थांबून विचारतो. 'वाय' म्हणजे बदल, 'एन' म्हणजे राहू दे. 'ए' दाबलं की उरलेलं सगळं एकदम बदलतं, म्हणून ती कळ मी फक्त पत्त्यांच्या यादीत वापरते.

४. नव्या शब्दात जुना शब्द दडलेला असेल तर जास्त जपा. मात्रा अक्षरापासून सुटी धरणाऱ्या एडिटरमध्ये 'बेळगाव'च्या जागी 'बेळगावी' घातलं आणि तीच आज्ञा पुन्हा चालवली, तर 'बेळगावीी' होतं. 'बेळगावात'चं पहिल्याच फेरीत 'बेळगावीात' होतं, आणि पडद्यावर त्या सुट्या कान्याजवळ टिंबांचं वर्तुळ उमटतं. एरवी मराठी लेखात मी बेळगाव तसंच ठेवते. तिथली मराठी माणसं तेच म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत लिहिताना त्यांचंच नाव चालावं असं मला मनापासून वाटतं. बेळगावी फक्त सरकारी पत्त्यात.

५. सारखं दिसतं ते सारखं असेलच असं नाही. 'शेतकऱ्यांना' यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काहींच्या कीबोर्डवर ऱ आणि हलंत, काहींच्या कीबोर्डवर साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक. छापल्यावर फरक कळत नाही. पण एका प्रकारे टाइप करून शोधलं की दुसऱ्या प्रकारचे शब्द रंगत नाहीत. अनेकांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात हे हमखास आढळतं. असा मजकूर आला की आधी सगळे अर्धे र एकाच पद्धतीचे करून घेते, शहरांची नावं त्यानंतर.