विजेचे बिल : उशिराचा भुर्दंड आणि बँकेतून आपोआप भरणा

व्यापारी आणि कारागीर बांधवांचा हिशेब बहुधा मालाच्या खरेदीत आणि उधारीत अडकलेला असतो. विजेचे बिल म्हणजे किरकोळ बाब, चार दिवस मागेपुढे झाले तर काय बिघडते, असा सर्वसाधारण समज आहे. जाफराबादच्या बाजारात शिलाई, वेल्डिंग, गादी-कारखाना, पिठाची गिरणी, कापडाचे दुकान असे कोणतेही काम घ्या, वीज सर्वांनाच लागते. ‘आज भरू, उद्या भरू’ हेही सर्वत्र चालते. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडून पाहू.

महावितरणच्या बिलावर तीन रकमा छापलेल्या असतात. पहिली लवकर भरल्यास, दुसरी देय तारखेपर्यंत भरल्यास आणि तिसरी त्या तारखेनंतर भरल्यास. बहुतेक लोक मधलीच रक्कम पाहतात. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरले तर एक टक्का सूट मिळते. देय तारीख चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार बसतो. यात एक बारीक फरक आहे. सूट कर आणि वीज शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर मिळते, तर विलंब आकार कर-शुल्क धरून पूर्ण बिलावर लागतो. म्हणजे देताना हात आखडता आणि घेताना सैल!

उदाहरण घ्या. दुकानाचे बिल ६,०५० रुपये असून त्यात १,०५० रुपये वीज शुल्क आहे. सात दिवसांत भरले तर ५,००० वर ५० रुपये सूट. देय तारखेच्या दुसऱ्या दिवशी भरले तर ७५ रुपयांहून थोडा जास्त दंड. एकाच बिलात सव्वाशेचा फरक पडला. वर्षभर अशीच चालढकल केली तर दीड हजार रुपये गेले. मीटरभर कापडामागे दोन-तीन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण, या दीड हजारांकडे मात्र पाहत नाही.

हा सव्वा टक्का दिवसांवर मोजला जात नाही. एक दिवस उशीर झाला काय किंवा वीस दिवस, आकार तोच. पण बिल तसेच पडून राहिले आणि थकबाकीत गेले की त्यावर व्याज सुरू होते. त्याचा दर वर्षाला १२ टक्क्यांपासून असतो आणि थकबाकी जुनी झाली की तो वाढतो. आपल्या वाचकांसाठी इथे केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही. विलंब आकार हा दंड की सूद, यावर फतवा देण्याचा अधिकार माझा नाही. तो मसला उलेमांना विचारावा. परंतु थकबाकीवरच्या रकमेला बिलावर ‘व्याज’ असेच नाव आहे. बँकेच्या सूदापासून दूर राहण्यासाठी जो माणूस धडपडतो, त्याने आळसापायी वर्षानुवर्षे हे व्याज भरत राहावे, हे पटणारे नाही. ज्याच्याकडे खरोखर पैसा नाही त्याची गोष्ट वेगळी. त्याने थकबाकी वाढू न देता वीज कार्यालयात जाऊन हप्ते मागावेत.

काही जण माफीच्या योजनेची वाट पाहतात. १ सप्टेंबर २०२४ पासून अभय योजना आली होती. तीत मूळ थकबाकी भरल्यास व्याज आणि विलंब आकार माफ होता. पण ती ज्यांची वीज कायमची तोडली गेली होती त्यांच्यासाठी होती. चालू दुकानदाराने त्या आशेवर बसणे म्हणजे दुकान बंद पडण्याची वाट पाहणे.

आता भरणा कसा करावा ते पाहू. १ ऑगस्ट २०२३ पासून लघुदाब ग्राहकाला महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच रोखीने बिल भरता येते. शेतीपंपाला ही मर्यादा १०,००० आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातले दुकान रोखीच्या रांगेत उभे राहूच शकत नाही. चेक दिला तर ज्या दिवशी रक्कम खात्यात जमा होते तोच भरण्याचा दिवस धरतात. चेक परत आला तर ७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ८८५ रुपये अंगावर येतात. ऑनलाइन भरल्यास पाव टक्का सूट आहे, ५०० रुपयांच्या मर्यादेत. छापील बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेतले तर प्रत्येक बिलामागे १० रुपये कमी होतात. क्रेडिट कार्डाने भरू नये. त्यावर जादा शुल्क आहे आणि पुढे कार्डाचेही व्याज आहे.

उरला आपोआप भरणा. पूर्वी याला ईसीएस म्हणत, आता त्याची जागा ‘नॅच’ने घेतली आहे. आपण बँकेला एकदा लेखी परवानगी देतो की अमुक ग्राहक क्रमांकाचे बिल आले की खात्यातून वळते करावे. जुलै २०२० पासून यूपीआय ऑटोपेही आहे. त्यात रक्कम कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते आणि बहुतेक बाबतींत १५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. पगारदार माणसाला ही सोय उत्तम. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच्या खात्यात पैसे असतात.

आपले तसे नाही. आपला पैसा कापसाच्या हंगामात, लग्नसराईत, ईदच्या आधी येतो. मधल्या महिन्यांत खाते कधी भरलेले तर कधी रिकामे. रिकाम्या खात्यावर बँकेचा आदेश आपटला तर बँक परत करण्याचे शुल्क घेते, विलंब आकार वेगळा लागतो. इतकेच नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार अपुऱ्या शिल्लकीमुळे असा आदेश परत येणे हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बिलाच्या बाबतीत कोणी लगेच कोर्टात जात नाही, पण सही करण्यापूर्वी हे ठाऊक असावे.

म्हणून माझा सल्ला असा. व्यापाराच्या मुख्य खात्याला हा आदेश जोडू नका. सुताच्या किंवा मालाच्या चेकशी त्याची टक्कर होते. एक साधे बचत खाते वेगळे ठेवा आणि रोजच्या गल्ल्यातून थोडे थोडे त्यात टाका. दुकानाचे बिल सहा हजार असेल तर रोजचे दोनशे रुपये झाले. आदेशात कमाल मर्यादा लिहावी लागते. ती उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या बिलापेक्षा थोडी वर ठेवा, उगाच पन्नास हजार लिहू नका. मीटर बिघडून एखादे अवाढव्य बिल आले तर मर्यादेमुळे ते आपोआप कापले जात नाही. ज्यांना हेही नको त्यांनी हंगामात हाती पैसा असताना आगाऊ भरणा करून ठेवावा.

बिल चुकीचे वाटले म्हणून भरणे थांबवू नये. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद असेल तर हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरल्यास निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तिथे निकाल न लागल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे.

आणि ‘आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा संदेश खासगी मोबाइलवरून आला तर तो फसवणुकीचा समजावा. फोन करू नका, दिलेले ॲप उतरवू नका. शंका असल्यास बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक घेऊन १९१२ वर किंवा थेट वीज कार्यालयात विचारा.