ठोके पचवणारे पोलाद

लोकलने अंबरनाथच्या आनंदनगरकडे येताना कल्याणला गाडी सांधा बदलते आणि खडखडते. रुळाला रूळ छेदतो अशा ठिकाणी सुमारे १३ टक्के मँगॅनीजचे ओतीव पोलाद वापरतात. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते १८८२ साली शोधले. चाकांचे ठोके बसतील तसतसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. गाभा मात्र चिवटच राहतो.

पण असे पोलादही हायड्रोजनने ठिसूळ होऊ शकते! पोलाद आम्लात धुताना किंवा विजेने मुलामा देताना हायड्रोजनचे चिमुकले अणू त्यात शिरतात. पुढे ताण पडला, की वाकण्याआधीच तडा जातो. म्हणून मुलामा दिलेले अतिमजबूत बोल्ट लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवून हायड्रोजन हाकलतात. ध्यानात ठेवा, नुसता कठीणपणा म्हणजे मजबुती नव्हे.