रक्तातलं यीस्ट शोधताना

१. कॅन्डिडाची आयजीजी अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे, असं होत नाही. कॅन्डिडा हे यीस्ट कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात मुक्कामाला असतं. शरीराची त्याच्याशी ओळख झालेली असते, म्हणून रक्तात अँटीबॉडी सापडतात. पोट फुगतं, थकवा जात नाही, म्हणून बायका आयजीजी, आयजीए, आयजीएम असं पूर्ण पॅनेल करून येतात. ‘मॅडम, रक्तात यीस्ट निघालंय’ म्हणतात आणि महिनोन्‌महिने फळंसुद्धा सोडतात. थकव्याचं खरं कारण, हिमोग्लोबिन किंवा थायरॉइड, तपासायचं तसंच राहून जातं. याचा मला मनापासून त्रास होतो.

२. जिथे त्रास, तिथला नमुना. खाज आणि दह्यासारखं पांढरं जात असेल, तर स्वॅब घ्यावा, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकावा. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या कळ्या आणि तंतू बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिसतात. वारंवार होत असेल तर कल्चर. रक्ताचं इथे काम नाही.

३. आयसीयूतली गोष्ट वेगळी. संसर्ग खोलवर गेला असला, तरी ब्लड कल्चर साधारण निम्म्याच रुग्णांत उगवतं, आणि त्यालाही दिवस जातात. तिथे अँटीबॉडीला अर्थ येतो, पण जोडीदारासह. कॅन्डिडाच्या पेशीभित्तिकेतलं मॅनन आणि मॅननविरोधी अँटीबॉडी, दोन्ही एकत्र मोजायच्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एकेकट्या चाचणीने साठ टक्क्यांहून कमी रुग्ण पकडले होते, दोन्ही मिळून ८३ टक्के. रक्तात मॅनन भरपूर असतं तेव्हा अँटीबॉडी बऱ्याचदा कमी दिसतात, आणि उलटही. म्हणून एकीचं उणं दुसरी भरून काढते.

४. केमोथेरपीच्या रुग्णात अँटीबॉडी निगेटिव्ह आल्या, तरी निर्धास्त होऊ नये. प्रतिकारशक्तीच दबलेली असते, अँटीबॉडी बनवणार कोण?

५. बीटा-डी-ग्लुकॅन ही अँटीबॉडीची चाचणी नव्हे. ती बुरशीच्या भिंतीतला घटक मोजते. निगेटिव्ह आली तर कॅन्डिडाची शंका बरीच मागे पडते. पॉझिटिव्ह मात्र जपून वाचावी लागते: इतर बुरश्यांतही ती वाढते, शिवाय काही प्रकारचं डायलिसिस, अल्ब्युमिन, शस्त्रक्रियेतला गॉज यांनीही आकडा चढतो. ‘केमो चालू’, ‘काल अल्ब्युमिन दिलं’ एवढ्या दोन ओळी रेसिडेंटने फॉर्मवर लिहिल्या, तर रिपोर्टखाली काय शेरा द्यायचा ते मला ठरवता येतं. कोरा फॉर्म आला की मी आधी वॉर्डात फोन लावते.