नौकेचें डीझेल-यंत्र आज्ञा कां पाळीत नाहीं?

कोंकणच्या किनाऱ्यावर मच्छीमार नौका खाडींतून समुद्रांत जातांना तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. पुष्कळ खाड्यांच्या मुखाशीं वाळूचा उथळ दांडा असतो व तेथें लाटा फुटतात. दोन लाटांमधील अवकाश साधून तांडेल थ्रॉटल पुढें ढकलतो. त्या क्षणीं यंत्र रेंगाळलें, तर नौका लाटेस आडवी होऊन उलटण्याचें भय असतें. म्हणून ‘थ्रॉटल दिलें, पण यंत्र वेग घेईना’ ही तक्रार क्षुल्लक मानूं नये. तिचें निदान कसें करावें, तें या पाठांत पाहूं.

प्रथम यंत्राचें तत्त्व समजून घेऊं. रुडॉल्फ डीझेल (१८५८–१९१३) या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं ऑग्जबर्ग येथें आपलें यंत्र यशस्वी करून दाखविलें. त्यांत ठिणगीची योजना नाहीं. सिलिंडरमधील हवा सुमारें १५ ते २० पट दाबली जाते. त्या योगें तिचें उष्णमान ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातें, आणि तींत तेलाचा सूक्ष्म फवारा सोडतांच तो आपोआप पेटतो. पेट्रोलच्या यंत्रांत थ्रॉटल हवेचा मार्ग उघडतें. डीझेल-यंत्रांत बहुधा तसें दार नसतेंच. येथें थ्रॉटल गव्हर्नरला ‘इतका वेग हवा’ एवढीच आज्ञा देतें, आणि गव्हर्नर त्या मानानें तेल वाढवितो. तेव्हां आज्ञा, तेल, हवा व भार या चार ठिकाणीं दोषाचा शोध प्रथम करावा.

(१) आज्ञा – नौका धक्क्यास बांधून व यंत्र बंद ठेवून एकानें थ्रॉटल हलवावें, दुसऱ्यानें तेलाच्या पंपावरील भुजा पाहावी. थ्रॉटल टोकास गेलें असतां भुजाहि आपल्या अटकावास टेकली पाहिजे. खाऱ्या हवेनें तार गंजते किंवा तिची पकड ढिली होते. मग तांडेल पूर्ण वेग मागतो, पण पंपास अर्धीच आज्ञा पोंचते. या परीक्षेस एक पैहि खर्च नाहीं, म्हणून ती प्रथम करावी.

(२) तेल – मंद चालीस तेल थोडें लागतें, म्हणून अर्धवट तुंबलेला फिल्टरहि चालून जातो. भार येतांच तो अपुरा पडतो. यास्तव न्यूट्रलमध्यें यंत्र सुरळीत चाललें, एवढ्यावरून फिल्टर निर्दोष ठरत नाहीं. टांकीचा हवा घेण्याचा मार्ग बुजला तरी तेल येणें मंदावतें. ओढनळीचा सांधा ढिला असल्यास पुष्कळदा तेल बाहेर न गळतां हवाच आंत ओढली जाते. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलें जात नाहीं. म्हणून बुडबुडा पंपाचा जोर गिळून टाकतो. पावसाळ्यांत नौका उभी असतांना अर्ध्या भरलेल्या टांकींत बाष्प जमून पाणीहि सांचतें. संशय असल्यास टांकी व फिल्टर वगळून गाळलेल्या तेलाच्या निराळ्या डब्यावर यंत्र चालवून पाहावें. दोष नाहींसा झाला, तर तो वगळलेल्या भागांतच होता.

(३) हवा – तेल भरपूर असून हवा कमी पडली, तर धूर काळा येतो. हवेचा फिल्टर व यंत्रघराचे झरोके तपासावेत. टर्बोचार्जर असल्यास त्याची नळी फाटली आहे काय, हेंहि पाहावें. टर्बोचार्जर धुराच्या जोरावर फिरत असल्यामुळें क्षणभर विलंब स्वाभाविक असतो. तो वाढला, तर मात्र दोष समजावा.

(४) भार – पंख्यास दोर किंवा जाळें गुंतलें, अथवा नौकेच्या तळाशीं समुद्रजीवांचा थर चढला, तर निर्दोष यंत्रहि दमतें. अशा वेळीं न्यूट्रलमध्यें पूर्ण वेग मिळतो, पण भाराखालीं वेग खुंटून काळा धूर येतो.

धूर हा निदानाचा उत्तम साक्षीदार आहे. पांढरा धूर बहुधा न जळलेलें तेल किंवा पाण्याची वाफ दर्शवितो. निळा धूर वंगण जळत असल्याचें सांगतो. आणि जोर नाहीं व धूरहि नाहीं, तर बहुधा तेलच पोंचत नाहीं.

इतकें पाहूनहि दोष न सांपडल्यास इंजेक्टर, पंप व सिलिंडरचा दाब यांची परीक्षा जाणत्या कारागिराकडून करवावी. इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढें हात कधींहि धरूं नये. तो कातडी भेदून आंत शिरतो. जखम टांचणीएवढी दिसली, तरी तत्काळ रुग्णालय गांठावें.

शेवटची सूचना : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व वहींत टिपून ठेवावी. तार, फिल्टर आणि इंजेक्टर एकाच दिवशीं बदलले, तर दोष कदाचित् जाईल, पण तो कोठें होता हें कळणार नाहीं. आणि कारण न कळलेला दोष पुन्हां उद्भवला, तर तो धक्क्यावरच उद्भवेल असा भरंवसा नाहीं.