जेरी राईस : विटा झेलणारे हात



खेळाडूंची चरित्रं सांगताना आपण बहुतेक वेळा क्रिकेटपाशीच थांबतो. आजचा खेळाडू अमेरिकन फुटबॉलचा आहे. मुलांना सांगण्याआधी एक खुलासा करावा लागतो, कारण हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, आणि तो पायापेक्षा हातातच जास्त असतो. क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो, रिसिव्हर धावत जाऊन तो झेलतो आणि समोरच्या शेवटच्या रेषेकडे पळत सुटतो. रेषेपलीकडे पोचला की टचडाऊन, म्हणजे ६ गुण. अंतर यार्डात मोजतात, एक यार्ड म्हणजे तीन फूट.

या खेळातला सगळ्यात मोठा रिसिव्हर म्हणजे जेरी राईस. जन्म १३ ऑक्टोबर १९६२, मिसिसिपी राज्यातला. क्रॉफर्ड नावाच्या छोट्या गावात तो वाढला. वडील गवंडी. सुट्टीत मुलं त्यांच्या हाताखाली कामाला जायची. जेरी परांचीवर उभा राहायचा, खालून भाऊ विटा फेकायचे आणि हा त्या झेलायचा. वीट हातातून सुटली तर काय होतं, हे सांगायला नको!

शाळेतला प्रसंग तर आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचावा. एके दिवशी जेरीने तासाला दांडी मारली होती. उपमुख्याध्यापक मागून आले, हा दचकला आणि जो पळत सुटला तो दिसेनासाच झाला. शिक्षा झालीच. पण त्या सरांनी आणखी एक काम केलं. पोरगा किती जोरात पळतो, हे त्यांनी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकांच्या कानावर घातलं. शिक्षा तर कुणीही केली असती. शिक्षा करतानाच त्या पोराचे पायही पाहिले, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारलं नाही. तो मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या विद्यापीठात गेला. तिथे झेलांचे ढीग रचले, तरी व्यावसायिक संघांना शंका होतीच. ४० यार्डांची शर्यत लावून ते खेळाडूचा वेग मोजतात आणि त्या मोजणीत राईस काही अव्वल नव्हता. १९८५ च्या निवडीत त्याच्याआधी १५ खेळाडू घेतले गेले, त्यात दोन रिसिव्हरही होते. सोळाव्या क्रमांकावर त्याला सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सने घेतलं. (नावातले ४९ म्हणजे १८४९ साल. तेव्हा सोन्याच्या शोधात लोकांची कॅलिफोर्नियात झुंबड उडाली होती.) प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी घड्याळापेक्षा त्याचा प्रत्यक्ष खेळ पाहिला होता. अंगावर आली ८० क्रमांकाची जर्सी.

पहिलं वर्ष मात्र कठीण गेलं. विटा झेलणाऱ्या हातातून सोपे चेंडू निसटू लागले आणि घरच्याच मैदानावर प्रेक्षक हुर्यो करू लागले. डिसेंबरात लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याने १० झेल घेऊन २४१ यार्ड काढले, तेव्हा कुठे लोक गप्प झाले. तो सामना संघ हरला, ही गोष्ट वेगळी.

नंतरचे टप्पे भराभर येतात. १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे हंगाम आखूड झाला, तरी त्याने १२ सामन्यांत २२ टचडाऊन झेलले. जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, ११ झेल, २१५ यार्ड आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. १९९० आणि १९९५ मध्येही विजेतेपद, आणि त्या दोन्ही अंतिम सामन्यांत तीन-तीन टचडाऊन. सप्टेंबर १९९४ मध्ये जिम ब्राऊनचा १२६ टचडाऊनचा विक्रम त्याने मागे टाकला. अर्थात, चेंडू फेकायला आधी जो मोंटाना आणि नंतर स्टीव्ह यंग असे दिग्गज होते, हेही मुलांना सांगावं. झेलणाऱ्याचं निम्मं यश फेकणाऱ्याचं असतं.

पण हे टिकलं कशामुळे? सरावात साधा झेल घेतला तरी तो थांबायचा नाही, दरवेळी थेट शेवटच्या रेषेपर्यंत पळायचा. सुट्टीच्या काळात सॅन कार्लोसजवळच्या डोंगरावर सुमारे चार किलोमीटरची चढण धावायचा. सोबत आलेले बरेच जण अर्ध्यावरच बसायचे.

१९९७ मध्ये पहिल्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. डिसेंबरात तो परत आला, टचडाऊन झेलला, आणि त्याच क्षणी त्याच गुडघ्याची वाटी तडकली. इथे घाई नडली असं माझं मत. मुलांना जिद्द सांगताना हा भाग गाळू नये. पुढे २००१ मध्ये तो ओकलंड रेडर्सकडे गेला. तिथे २००२ च्या हंगामात, चाळिशी गाठलेल्या या माणसाने ९२ झेल घेऊन १,२११ यार्ड काढले.

एकूण २० हंगाम, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, २०८ टचडाऊन. यार्डांमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या लॅरी फिट्झगेराल्डचे १७,४९२ आहेत. वर्गात वजाबाकीला हे आकडे छान आहेत. यार्डांचे किलोमीटर करायला लावा, जवळपास २१ येतात. म्हणजे आपल्या गावापासून कुठलं गाव, हे मुलंच सांगतील. २०१० मध्ये त्याला या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

आता एक कोडं. २००६ मध्ये, निवृत्तीनंतर, जुन्या संघाचा खेळाडू म्हणूनच निरोप घेता यावा म्हणून फोर्टी-नाइनर्सने त्याच्याशी नावापुरता करार केला. पैसे द्यायचे नव्हतेच, पण कागदावर रक्कम लिहिली होती : १९८५८०६.४९ डॉलर. ही रक्कम फळ्यावर स्वल्पविराम न देता लिहा आणि तिच्यात लपलेल्या चार गोष्टी मुलांना शोधू द्या. तिन्हींची उत्तरं वर आलेली आहेत, आणि चौथी म्हणजे ०६, ते करार झाला तेच साल.