विषाणु पक्व कसा होतो?

विद्यार्थिमित्रहो, एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या मनुष्याच्या पंक्तीस बसावें काय, असें आम्हांस विचारण्यांत येतें. उत्तरापूर्वीं त्या विषाणूची घडण पाहूं.

बाधित पेशींत गॅग नांवाचें लांब प्रथिन तयार होतें. त्याच्या एका टोकास मेदाम्लाची शेपटी असते. ती पेशीभोवतींच्या स्निग्ध पटलांत रुतते. अशीं दोन हजारांवर प्रथिनें एकत्र जमलीं म्हणजे पटल कळीप्रमाणें फुगतें आणि विषाणु सुटा होतो. परंतु तो अद्याप अपक्व, म्हणून संसर्गास असमर्थ असतो. पुढें प्रोटिएज नांवाचें विकर कात्रीप्रमाणें गॅगचे तुकडे करितें. पटलास धरलेलें टोक तेथेंच राहतें. मधला भाग सुटून जनुकीय द्रव्याभोवतीं शंकूच्या आकाराचा कोश रचतो. तेव्हां विषाणु पक्व होतो.

ही कात्री रोखणारें पहिलें औषध, साक्विनाविर, अमेरिकेंत १९९५ सालीं मान्य झालें. कात्री थांबली कीं विषाणु अपक्वच राहतो. इतर औषधांच्या जोडीनें अशीं औषधें नियमित घेणारे रुग्ण आज दीर्घकाळ जगतात.

आतां उत्तर. एकत्र जेवल्यानें वा स्पर्शानें ही बाधा होत नाहीं. प्रभु येशूनें कुष्ठरोग्यास हात लावला. आम्हीं मात्र शेजाऱ्यास दूर कां लोटावें?