विरघळवता न येणारं इंजेक्शन

२००४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, 'स्कल्प्ट्रा' या इंजेक्शनला परवानगी दिली, ती सुंदर दिसू पाहणाऱ्यांसाठी नव्हती. ती होती एचआयव्हीबाधितांसाठी. स्टॅव्हुडिनसारख्या त्या वेळच्या औषधांनी या रुग्णांचे जीव वाचवले, पण चेहऱ्यावरची चरबी नेली. गालफडं बसली, कानशिलं खोल गेली आणि जी गोष्ट लोक घरच्यांपासूनही लपवत होते, ती चेहराच सांगू लागला. त्या धास्तीनं काहीजण औषधंच सोडून देत. युरोपात हेच इंजेक्शन १९९९ पासून 'न्यू-फिल' या नावानं मिळत होतं. पुढे २०१० मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेनंही, चेहरा असा खंगल्यामुळे नैराश्यात गेलेल्या रुग्णांसाठी हा खर्च उचलायचं ठरवलं.

एका गंभीर दुखण्यावरचा हा उपाय आता लग्नसराईच्या पॅकेजात जाऊन बसला आहे. फेशियल, मेंदी, केसांचं स्मूदनिंग आणि त्याच ओळीत 'कोलॅजन बूस्टर'.

माझ्या नणंदेनं, ठाण्याच्या वन्संनी, तो तिथेच पाहिला. वन्सं निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर खडू धरलेले हात साठीनंतर सुकले, शिरा वर आल्या. मुलीचा साखरपुडा ठरला आणि फोटोत ओटी भरताना हातच दिसणार, हे त्यांच्या डोक्यात बसलं. ओळखीच्या पार्लरवाल्या बाईंनी वरच्या मजल्यावरच्या क्लिनिकचं नाव सुचवलं. तिथे पांढरा कोट होता, पण पदवीची पाटी नव्हती. दोन्ही हातांच्या पाठीवर इंजेक्शनं झाली, हात लगेच भरलेले दिसले. दोन-चार दिवसांत ते पुन्हा पूर्वीसारखे झाले. साखरपुडा तसाच पार पडला. त्यानंतर कित्येक आठवड्यांनी भांडं घासताना वन्संच्या बोटांना हाताच्या पाठीवर बारीक, टणक गाठी लागल्या.

हे असं का झालं, ते कळायला आधी औषध समजून घ्यायला हवं. फिलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजेक्शनांत दोन कुळं आहेत. एक नुसतं भरतं. हायलुरॉनिक ॲसिडचं जेल त्वचेखाली गेलं की ती जागा तेव्हाच फुगते आणि काही महिन्यांनी जेल जिरतं. दुसरं कुळ भरायला नव्हे, शरीराला डिवचायला आत जातं. स्कल्प्ट्रामध्ये पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडची पावडर असते. आपोआप विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थांपासून बनतात, त्यातलीच ही. ती पाण्यात मिसळून टोचतात. पाणी काही दिवसांत शोषलं जातं, म्हणून वन्संचे हात भरले आणि लगेच ओसरले. मागे राहिलेल्या कणांना शरीर परकं मानतं, त्यांच्याभोवती पेशी गोळा होतात आणि हळूहळू नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार होतं. खरा परिणाम दिसायला आठवडे, महिने लागतात. तो टिकतो मात्र बराच, अनेकांमध्ये दोन वर्षं. साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन-तीन बैठका लागतात. म्हणजे पुढच्या पंधरवड्यात कार्य असेल, तर हे इंजेक्शन त्या कार्याच्या कामाचंच नाही. वन्संना हे एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं, तरी त्या त्या जिन्यावर चढल्या नसत्या.

याच कुळातलं दुसरं नाव 'रेडिएस'. त्यात कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटचे, म्हणजे हाडांत असतं तसल्या खनिजाचे अतिसूक्ष्म गोळे जेलमध्ये असतात. जेलमुळे भराव लगेच दिसतो, मागाहून कोलॅजनही तयार होतं. त्याला एफडीएची मान्यता २००६ मध्ये चेहऱ्यासाठी आणि २०१५ मध्ये हाताच्या पाठीसाठी मिळाली. स्कल्प्ट्राची तिथली मान्यता चेहऱ्यापुरती आहे. डॉक्टर ते हातालाही वापरतात, आणि तसं वापरणं म्हणजे गुन्हा नव्हे. पण ते मान्यतेच्या चौकटीबाहेरचं आहे, हे रुग्णाला आधी सांगायला हवं.

गाठी येतात त्या बहुधा मिश्रणाच्या आणि टोचण्याच्या चुकीनं. पाणी कमी पडलं आणि ढवळायला घाई झाली की उकडीत गुठळ्या राहतात, तसंच या पावडरीचं होतं. सुरुवातीच्या काळात ती कमी पाण्यात कालवत, तेव्हा गाठींच्या तक्रारी जास्त होत्या. पाणी वाढवलं, पावडर भिजायला वेळ दिला, त्वचेत फार वर न टोचता खोल टोचायला सुरुवात झाली, तसं हे प्रमाण उतरलं. डोळ्यांभोवती आणि ओठांत, जिथे कातडी पातळ आणि हालचाल फार, तिथे ही औषधं जाणकार टोचतच नाहीत. हाताच्या पाठीचीही कातडी पातळच. खाली लगेच शिरा आणि बोटं उघडणारे स्नायुबंध. तिथे औषध कुठल्या थरात गेलं यावर सगळं अवलंबून.

वन्सं त्याच क्लिनिकमध्ये परत गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, काळजी करू नका, विरघळवून टाकू. इथे या सगळ्या प्रकरणाचा कळीचा मुद्दा येतो. विरघळवता येतं ते पहिलं कुळ. हायलुरॉनिक ॲसिडवर हायलुरॉनिडेझ नावाचा उतारा आहे. तो टोचला की जेल फार लवकर नाहीसं होतं. 'फ्रेंड्स' मालिकेतली अभिनेत्री कोर्टनी कॉक्स हिनं २०१७ मध्ये उघडपणे सांगितलं होतं, की आपला चेहरा आपल्याला अनोळखी वाटू लागला म्हणून तिनं सगळे फिलर विरघळवून घेतले. ते तिला जमलं, कारण औषध तसं होतं. पॉली-लॅक्टिक ॲसिड किंवा कॅल्शियमचे गोळे यांना तसा थेट उतारा नाही. वन्संना उताऱ्याचं इंजेक्शन दिलंही गेलं. पैसे गेले, गाठी राहिल्या.

शेवटी आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, हातात नेमकं काय टोचलं आहे? बिलावर लिहिलं होतं 'अँटी-एजिंग पॅकेज'. खोकं नाही, बॅच क्रमांक नाही, केसपेपर नाही. सोनोग्राफीत वेगवेगळे फिलर वेगवेगळे दिसतात, म्हणून आधी ती करावी लागली. मग क्लिनिकमागे लकडा लावल्यावर व्हॉट्सॲपवर खोक्याचा एक फोटो आला आणि पॉली-लॅक्टिक ॲसिड असल्याचं कळलं. त्यापुढचे उपचार संथ होते. गाठीत सलाइन सोडून ती फोडायचा प्रयत्न, मालिश, काही गाठींत अगदी थोड्या मात्रेत स्टेरॉइड. स्टेरॉइड जास्त झालं तर पातळ कातडीला खड्डा पडतो, त्यामुळे तिथेही हात राखून. बऱ्याचशा गाठी बसल्या. काही अजून हाताला लागतात.

वन्संचं निभावलं, कारण गाठ हा यातला सौम्य धोका आहे. मोठा धोका वेगळाच. सुईचं टोक रक्तवाहिनीत गेलं तर कोणताही फिलर ती वाहिनी बंद करू शकतो. कातडीचा तेवढा भाग मरतो; भुवयांमधली जागा, नाक, कपाळ अशा ठिकाणी औषध डोळ्याच्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेलं तर दृष्टी जाऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो. मे २०१५ मध्ये एफडीएने याबद्दल डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही जाहीर इशारा दिला. खुणा ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत: टोचताना किंवा नंतर लगेच कातडी पांढरीफटक पडणं, जाळीदार निळसर चट्टे उमटणं, नेहमीपेक्षा फार वेदना, अंधूक दिसणं, बोलताना जीभ अडखळणं. यातलं काहीही झालं तर उद्या बघू म्हणू नये. त्याच क्षणी डॉक्टरला सांगावं. नजरेवर परिणाम झाला असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठावं.

टोचणारा कोण आणि टोचलेलं काय, या दोन प्रश्नांपुढे श्रीमंती आणि प्रसिद्धी उपयोगी पडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या देखण्या तरुणीनं नाकाचा बाक सरळ करायला पॅराफिन मेण टोचून घेतलं. ते मेण जागेवरून सरकलं आणि चेहरा जन्माचा बिघडला. शंभर वर्षांनी, २००३ च्या सुमारास, हॉलिवूडमधली अभिनेत्री प्रिसिला प्रेस्ली एका परवाना नसलेल्या माणसाच्या हाती सापडली. त्यानं टोचलं होतं ते यंत्रांच्या वंगणासाठी वापरतात तसलं औद्योगिक सिलिकॉन. त्या माणसाला पुढे तुरुंगवास झाला. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या, परवाना नसलेल्या एका स्पामध्ये रक्त काढून चेहऱ्यावर सुयांनी लावण्याचा 'व्हॅम्पायर फेशियल' करून घेतलेल्या काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. औषध वेगळं, धडा तोच: सुई हे पार्लरमधलं साधन नाही.

म्हणून पार्लर असो की पाटीवर 'एस्थेटिक सेंटर' लिहिलेलं असो, सुईच्या आधी प्रश्न विचारावेत. टोचणार कोण? त्वचारोगशास्त्रातली एमडी, डीएनबी किंवा पदविका, अथवा प्लास्टिक सर्जरीची एमसीएच अशी पदवी आहे का? महाराष्ट्रात डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तो विचारण्यात अपमान काही नाही. औषधाचं नाव काय, आणि ते विरघळवता येतं का? माझ्या या जागेसाठी ते मान्य आहे का? तुम्ही हे हातांवर नेहमी करता का, आणि बिघडलं तर पुढे काय करता? 'काही होत नाही हो' एवढंच उत्तर मिळालं तर पर्स उचलून उठावं.

खोकं आपल्यासमोर उघडायला सांगावं. आयात केलेल्या औषधावर आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असते. त्या सगळ्याचा फोटो काढावा आणि बिलावर औषधाचं नाव व मात्रा लिहून घ्यावी. अर्ध्या किमतीतलं पॅकेज, घरी येऊन टोचणारी ताई, एकाच बाटलीतून चार मैत्रिणींना वाटून देण्याची स्कीम, यांना नाही म्हणावं. या औषधांची एक बाटली पाच आकडी किमतीची असते. ती निम्म्या भावात कोण आणि का देतं, याचा विचार करावा.

काहींनी या वाटेला जाऊच नये. जखमेवर जाड, वर आलेला वण धरणाऱ्यांना, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती असणाऱ्यांना, स्कल्प्ट्रा वर्ज्य आहे. आपल्याकडच्या त्वचेत ही प्रवृत्ती पुष्कळ आढळते. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, त्या जागी संसर्ग असलेले, संधिवातानं हाताचे सांधे धरलेले, हाताला जुनी दुखापत असलेले यांनीही थांबावं. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगावी, पण ती मनानं बंद करू नये. ती अनेकदा हृदयासाठी दिलेली असते.

हातांना इंजेक्शन घ्यायचंच असेल तर बांगड्या, अंगठ्या आधीच काढून ठेवाव्यात आणि सूज ओसरेपर्यंत घालू नयेत. काही दिवस पकड सैल पडते, बोटं आखडल्यासारखी वाटतात. धुणं, पोळ्या, दुचाकी कोणाला तरी सोपवण्याची तयारी हवी. स्कल्प्ट्रानंतर पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच मिनिटं मालिश करायला सांगतात. रेडिएसचे नियम वेगळे, तेव्हा लेखी सूचना मागून घ्यावी. रेडिएस सीटी स्कॅनमध्ये आणि कधी एक्स-रेतही दिसतं, म्हणून पुढे कधी चेहऱ्याची किंवा हाताची तपासणी झाली तर ते घेतल्याचं तिथे सांगावं.

आणि काही बिघडलंच, तर लाजून गप्प बसू नये. नटायला गेली आणि बिघडवून आली, असं लोक म्हणतील या भीतीनं वन्संनी पहिले काही आठवडे कोणाला सांगितलंच नाही, आणि उपचार तेवढे लांबले. बनावट किंवा बिनपरवाना औषधाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, डॉक्टरच्या निष्काळजीपणाची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, फसवणुकीची ग्राहक आयोगाकडे. वैद्यकीय उपकरणांच्या (त्यांत फिलरही मोडतात) दुष्परिणामांची नोंद ठेवणारा 'मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया' २०१५ पासून सुरू आहे. गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया आयोग तो चालवतो आणि त्याच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. फोन करताना औषधाचं नाव आणि बॅच क्रमांक हाताशी ठेवा.